नाथांचा विंचू आणि शाहिरांची तबकडी

(घनसावंगी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या तालुक्यातील जांब या गावी इ. स. १६०८ मध्ये समर्थ रामदासांचा जन्म झाला आणि ज्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणारी गोदावरी आधी पैठणच्या घाटांना स्पर्श करून आलेली असते, त्या तालुक्याच्या गावी व्याख्यानास उभे राहणाऱ्याने दासबोध किंवा एकनाथी भागवत असा एखादा भारदस्त ग्रंथच हाती घ्यावा, अशी आपली अपेक्षा असल्यास ती वाजवी आहे. तरीही मी आज बोलणार आहे ते एका विनोदी गाण्याविषयी, ते गाणे तबकडीवर उतरवणाऱ्या एका शाहिराविषयी, आणि त्या उतरवण्यात काय साधले व काय हातचे गेले याविषयी. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी हयात असते तर त्यांनी या विषयाला हरकत घेतली नसती, असा माझा भरवसा आहे. कारण विद्वत्ता आणि करमणूक यांचे दफ्तर वेगवेगळ्या खणांत ठेवण्याची खोड आपल्याकडे अलीकडची आहे, संत एकनाथांच्या काळची नव्हे.

एकनाथांचे चरित्र आपणांस ठाऊक आहे. इ. स. १५३३ ते १५९९ हा त्यांचा सर्वसाधारण मानला जाणारा काळ. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीचे किल्लेदार, म्हणजे सुलतानी अमलातील जबाबदार हुद्देदार. आणि रात्रभर जागून हिशेबातील चुकलेली एक पै शोधून काढणाऱ्या शिष्याची जी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो, ती खरी असो वा नसो, नाथांना सरकारी कागदाची भाषा आतून माहीत होती एवढे मात्र त्यांच्या रचनांवरून निर्विवाद दिसते. ज्याने काशीत बसून १५७३ मध्ये भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका पूर्ण केली, त्याच पुरुषाने अर्जदस्त लिहिली, ताकीदपत्र लिहिले, अभयपत्र लिहिले. आणि अर्जदस्तीत देहाचा परगणा कल्पून, जिवाला शेकदार व बुद्धीला कारकून नेमून, तेथील कामक्रोधादी कामगारांच्या बेबंदशाहीची तक्रार थेट परमेश्वराच्या हुजुरात गुदरली. परगण्याच्या रयतेला ज्या फारसी शब्दांची धास्ती वाटे, त्याच शब्दांना नाथांनी हसण्याचा विषय केले, आणि ते हसू संपता संपता श्रोत्याच्या ध्यानात यावे की हा अर्ज आपल्याच नावाचा आहे, अशी योजना केली.

हीच युक्ती त्यांच्या तीनशेच्या आसपास भारुडांत निरनिराळी सोंगे घेऊन प्रकट होते. जोशी येतो, वासुदेव येतो, गोंधळी येतो, दादल्याला कंटाळलेली बायको येते, भूत येते, एडका येतो, फुगडी घालणाऱ्या बाया येतात; आणि त्या काळच्या पैठणच्या पेठेत जो जो मनुष्य आपल्या पोटासाठी ओरडत, नाचत किंवा भांडत हिंडत होता, त्याला त्याला नाथांनी त्याच्या बोलीसह आणि त्याच्या विचित्रपणासह पदात बसवले. संस्कृत पंडिताने लोकांच्या चालीवर, लोकांच्या तोंडची, पहिल्या श्रवणी निखळ विक्षिप्त वाटणारी गाणी रचावीत, हे त्या काळच्या शिष्टांना कसे वाटले असेल याची कल्पना आपण करू शकतो. लोकप्रिय संगीत, लोकांनी गुणगुणावे म्हणून रचलेले गाणे, ही आकाशवाणीची किंवा चित्रपटाची निर्मिती आहे असे मानणाऱ्यांनी नाथांच्या विंचवाकडे एकदा पाहावे.

त्या विंचवाची हकीकत थोडक्यात अशी. एका मनुष्याला विंचू चावतो. तो कळवळतो, घामाघूम होतो, आकांत करतो. आणि मग उलगडते की हा विंचू कामक्रोधाचा आहे, त्याची वेदना मांत्रिकाच्या आटोक्यातली नाही, तिच्यावर उतारा सत्त्वगुणाचा, आणि एवढे करूनही जो थोडा ठणका मागे राहतो तो गुरूच्या कृपेनेच शमतो. रचना लहान आहे. वाचल्यास ती दोन मिनिटांत संपते, आणि खरे सांगावयाचे तर नुसती वाचली तर ती फारशी विनोदीही वाटत नाही. विनोद आहे तो सोंगात. भजनी, सोंगी आणि कूट असे भारुडांचे जे प्रकार अभ्यासक सांगतात, त्यांतील सोंगी भारुडाचे हे पद; आणि जागराच्या रात्री डोक्यास वाकडेतिकडे फडके गुंडाळून एखादा भारुडकरी जेव्हा पाय धरून मंडपात उडी घेतो, पहिल्या रांगेतील एखाद्या प्रतिष्ठिताच्या अंगावर कोसळतो, टाळकऱ्यांशी हुज्जत घालतो, वैद्य बोलवा म्हणतो आणि वैद्य आला की त्याचीच थट्टा करतो, तेव्हा तेच दोन मिनिटांचे पद अर्धा-पाऊण तास चालते, आणि त्यात पदाचे शब्द थोडे व मधले निरूपण फार असते.

हे पद महाराष्ट्राच्या घराघरांत ज्या एका आवाजाने पोहोचले तो आवाज शाहीर साबळे यांचा. कृष्णराव गणपतराव साबळे यांचा जन्म ३ सप्टेंबर १९२३ रोजी सातारा जिल्ह्यात वाईजवळच्या पसरणी या गावी झाला. शालेय शिक्षणाचा काही काळ अमळनेरास गेला आणि तेथे साने गुरुजींच्या सहवासाचा जो संस्कार झाला, तो त्यांच्या गाण्यातून पुढे कधी पुसला गेला नाही. बेचाळीसच्या चळवळीत, नंतर हैदराबादच्या आणि गोव्याच्या मुक्तिसंग्रामात, आणि त्यानंतर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा डफ वाजला. हैदराबादचा उल्लेख या गावी केवळ उपचारापुरता करून चालणार नाही. कारण ज्या मुलखात ‘गश्ती निशाण ५३’ या हुकमान्वये सभा भरवण्यास आगाऊ परवानगी लागत असे आणि जो १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाला, त्या मुलखात आपण बसलो आहोत, आणि जाहीर भाषणाला बंदी असते तेव्हा गाण्याला काय मोल येते हे येथील वृद्धांना कोणी शिकवावयास नको.

साबळे हे नुसते गायक नव्हते, हा माझ्या आजच्या प्रतिपादनाचा मुख्य आधार आहे. ते कर्ते होते. तमाशातील वगाला त्यांनी मुक्तनाट्याचे रूप दिले. ‘यमराज्यात एक रात्र’, ‘आंधळं दळतंय’ यांसारख्या प्रयोगांतून त्यांनी समकालीन मुंबईची व तेथील मराठी माणसाच्या अवस्थेची टर उडवली. आणि ‘माझा पवाडा’ या नावाने आत्मचरित्र लिहिले. त्यांच्या पहिल्या पत्नी भानुमती साबळे याही गीते रचीत. अशा घरात, अशा व्यवसायात मुरलेला माणूस जेव्हा चारशे वर्षांपूर्वीचे विनोदी पद गावयास घेतो, तेव्हा तो ते संग्राहकाच्या हाताने उचलीत नाही. दुसऱ्या कर्त्याच्या वहीत डोकावणाऱ्या कर्त्याच्या नजरेने तो त्याकडे पाहतो, आणि आपण असतो तर येथे श्वास कोठे घेतला असता, हे ठरवतो.

हा विचार मला आणखी स्पष्ट झाला तो एका परदेशी उदाहरणाने, आणि ते येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. अमेरिकेत ग्रामीण ढंगाच्या, ज्याला तिकडे कंट्री म्हणतात त्या संगीताच्या क्षेत्रात जॉन डी. लाउडरमिल्क नावाचा एक गीतकार होऊन गेला. जन्म १९३४ चा, गाव नॉर्थ कॅरोलायनातील तंबाखूच्या व्यापाराचे डरहॅम. मृत्यू २०१६ मध्ये. त्याने रचलेली गाणी मोठी चमत्कारिक असत. एका गाण्यातील मुलगी एकटीच चित्रपटास जाते, तेथे आपला प्रियकर आपल्याच मैत्रिणीबरोबर बसलेला पाहते, रडत घरी येते आणि आईला सांगते की चित्रपटच दुःखाचा होता. हे गाणे १९६१ मध्ये स्यू थॉम्प्सन या गायिकेने गाजवले. पण लाउडरमिल्क आपली गाणी स्वतःही ध्वनिमुद्रित करीत असे, आणि गंमत अशी की कर्त्याच्या स्वतःच्या तबकडीकडे बहुधा लोक पाठ फिरवीत. ‘टोबॅको रोड’ हे आपल्या गावच्या दारिद्र्याची आठवण जागवणारे गाणे त्याने १९६० मध्ये स्वतः गायिले. ते गाजले १९६४ मध्ये, ‘नॅशव्हिल टीन्स’ या मंडळींच्या आवाजात. नाव अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहराचे, आणि मंडळी सगळी इंग्लंडची! तथापि आज जे रसिक जुन्या तबकड्या शोधतात ते कर्त्याच्या त्या उपेक्षित मुद्रणांकडेच वळतात, कारण गाण्यातील कोणता शब्द थट्टेचा आहे आणि कोणता जखमेचा, हे तेथे प्रथम ऐकू येते.

नाथांची तबकडी आपणांस मिळणार नाही. गोदावरीच्या वाळवंटात त्यांनी स्वतः विंचू कसा गायिला, हात कोठे धरला, हशा कोठे घेतला, याचा पुरावा कोणत्याही दफ्तरखान्यात नाही. म्हणून कर्त्याचा आवाज जेथे नाही तेथे कर्त्याची जागा कोणी घ्यावी, हा प्रश्न उभा राहतो, आणि साबळ्यांचा विंचू हे त्या प्रश्नाला मिळालेले, माझ्या मते, सर्वांत समर्थ उत्तर आहे.

समर्थ का, ते सांगतो. तबकडीच्या मर्यादा प्रथम ध्यानात घ्या. गौहरजान यांचे गाणे १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास पहिल्यांदा मुद्रित झाले, तेव्हापासून पुढे अर्धशतकाहून अधिक काळ आपल्याकडे मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीचेच राज्य होते, आणि तिच्या एका बाजूवर सव्वातीन मिनिटांच्या आसपास गाणे मावे. खयाल गाणाऱ्या बुजुर्गांनी या मर्यादेवर रागावून काय काय उद्गार काढले असतील ते असोत. पुढे लांब वाजणाऱ्या तबकड्या आल्या तरी लोकगीताला मिळणारा वेळ काही वाढला नाही, आणि तीन मिनिटांचे गाणे ही श्रोत्याच्या कानाची सवयच होऊन बसली. त्यातून तबकडीवर सोंग दिसत नाही. वाकडे फडके नाही, उडी नाही, पहिल्या रांगेतील प्रतिष्ठित नाही. सोंगी भारुडातून सोंग वजा केले तर बाकी काय राहावी?

साबळ्यांनी सोंग वजा केले नाही. त्यांनी ते कंठात घेतले. त्यांच्या गाण्यातील पहिला आकांत ऐका. तो सुरात आहे, परंतु सुराच्या काठावर आहे. गायक पडेल की सावरेल असा क्षणभर संशय यावा इतका काठावर. कळ वर चढते तेव्हा आवाज चिरकतो, आणि साथीदारांचा कोरस येतो तो टाळकऱ्यांसारखा निर्विकार येतो, जणू या माणसाच्या मरणाशी आपणांस काहीच कर्तव्य नाही. आणि हसू येते ते या निर्विकारपणामुळे. हे शास्त्रोक्त गायकाचे काम नव्हे आणि नुसत्या नटाचेही नव्हे. वगात ज्याने वर्षानुवर्षे सोंगाड्याची वेळ सांभाळली, कोणत्या शब्दानंतर किती थांबले असता प्रेक्षक फुटतो याचा ज्याला हिशेब आहे, अशा माणसाचे ते काम आहे. डोळ्यांसाठी रचलेले पद त्यांनी कानांसाठी पुन्हा रचले असे मी म्हणतो, आणि ‘पुन्हा रचले’ हे शब्द मी जाणूनबुजून वापरतो.

याच कारणासाठी त्यांच्या गाण्याला ‘लोककलेचे जतन’ म्हणण्याची जी रूढी आहे ती मला मान्य नाही. जतन लोणच्याचे करतात. पसरणीच्या, कृष्णाकाठच्या या माणसाने दांड्याच्या वरातीचे कोळीगीत गायिले तेव्हा समुद्राकाठची बोली त्याची स्वतःची नव्हती; तिचा ठसका त्याने उचलला, वाढवला, आणि जे गाणे एका कोळीवाड्याचे होते ते विदर्भातल्या लग्नातही वाजू लागले. मल्हारीची वारी मागणारे पारंपरिक गाणे त्यांच्या नावाशी इतके जोडले गेले की २००४ मध्ये त्यांचे नातू केदार शिंदे यांच्या ‘अगं बाई अरेच्चा’ या चित्रपटात अजय-अतुल यांनी ते नव्या वाद्यमेळात आणले, तेव्हा अनेकांना ते साबळ्यांच्या घरातले गाणे परत आले असेच वाटले. विठ्ठल उमप यांनी याच वाटेने जाऊन ‘जांभूळ आख्यान’ रंगभूमीवर गाजवले आणि फुगडीचे भारूड आपल्या खणखणीत आवाजाने नव्या पिढीच्या तोंडी बसवले. त्यांच्याविषयी बोलावयाचे तर स्वतंत्र व्याख्यान हवे.

एवढी स्तुती केल्यावर दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर ती स्तुती भाटाची ठरेल. तबकडीत पदाचे शब्द आले, उताऱ्याचे कडवेही आले. निरूपण आले नाही. मंडपातला भारुडकरी हशा पिकवून झाल्यावर थांबतो, कपाळाचा घाम पुसतो, आणि आवाज खाली आणून विचारतो की बाबांनो, हा विंचू तुमच्या घरात नाही काय? मग सावकाराच्या लोभाची, भावकीच्या बांधाच्या भांडणाची, गावच्या निवडणुकीतल्या वैराची गोष्ट निघते, नावे न घेता निघते, आणि ज्याला लागावयाची त्याला ती लागते. या बोलण्याचे संहितापत्र नसते. ते त्या रात्रीचे, त्या गावचे असते. तबकडीला गाव नाही. त्यामुळे विंचू चावल्याचा आकांत आज महाराष्ट्रातले शाळकरी पोरही स्नेहसंमेलनात हुबेहूब करते, पण उतारा कोणता हे विचारले तर ते सोडाच, त्याला टाळ्या देणारे आईबापही गोंधळतात. नाथांनी हसू हे दार म्हणून ठेवले होते, आणि आम्ही दारातच बैठक मारली आहे.

हा दोष साबळ्यांचा की माध्यमाचा? मुख्यतः माध्यमाचा, असे मी म्हणेन. तरी पुढे त्यांच्याच ‘महाराष्ट्राची लोकधारा’ या कार्यक्रमात वासुदेव, गोंधळी, कोळी, वाघ्या-मुरळी असे सारे एकापाठोपाठ एक, धुतल्या कपड्यांत व एका तालात रंगमंचावर येऊन जाऊ लागले, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटे थोडी आली आणि निरूपणाला वावच उरला नाही, ही गोष्ट नाकारता येत नाही. दुसरीकडे हेही खरे की त्या कार्यक्रमाने शहरातल्या एका सबंध पिढीला या कलांची पहिली ओळख करून दिली, आणि भरत जाधव, अंकुश चौधरी यांच्यासारखे कितीतरी तरुण तेथे घडले. लाभ मोठा की हानी, याचा ताळेबंद मांडण्यास मी धजत नाही. दोन्ही रकमा मोठ्या आहेत एवढे सांगतो.

लोकांनी शाहिरांचे ऋण मानले. १९८४ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९९८ मध्ये पद्मश्री हे सन्मान त्यांना मिळाले. २० मार्च २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. आणि राजा बढे यांनी रचलेले, श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले व साबळ्यांनी गायिलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत झाले. साहजिकच आता त्यांचे नाव काढले की छाती पुढे काढून उभे राहण्याचे गाणे आठवते. मला विचाराल तर त्या गाण्यात त्यांचा कंठ आहे, विंचवात मात्र त्यांची सारी बुद्धी आहे. आणि मी ज्या पक्षाला मत देतो ते आपण ओळखले असेलच.

आता एक व्यावहारिक मुद्दा, कारण या सभेत वकील मंडळीही दिसत आहेत. १९५७ च्या स्वामित्वहक्क (कॉपीराइट) कायद्यान्वये ग्रंथकाराचा हक्क त्याच्या हयातीनंतर ६० वर्षे चालतो, आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे. नाथांच्या पदावर कोणाचीच मालकी नाही. ते सनदेवाचूनचे सार्वजनिक वतन आहे. परंतु त्या पदाचे जे मुद्रण होते त्याची मालकी ज्याने मुद्रण केले त्याची. म्हणजे पैठणचे गाणे सर्वांचे, आणि पैठणच्या गाण्याची तबकडी कंपनीची. यात अन्याय आहे असे मी म्हणत नाही, कारण यंत्रसामग्रीला व वादकांना पैसा लागतो. मात्र यावरून एक गोष्ट स्पष्ट होते की जे आपण स्वतः मुद्रित करू ते आपले राहील, आणि जे दुसऱ्याने मुद्रित करावे म्हणून वाट पाहत बसू त्यात आपल्याला हवे ते असेलच याची हमी नाही.

आणि मुद्रण करणे आज किती सोपे झाले आहे! ज्या कामासाठी एकेकाळी मुंबई-कलकत्त्याच्या स्टुडिओचा उंबरठा झिजवावा लागे, ते काम आज या सभागृहातील प्रत्येकाच्या खिशातल्या फोनने होते, आणि त्यावर सव्वातीन मिनिटांची मर्यादा नाही. घनसावंगी, अंबड, पैठण या पट्ट्यात नाथषष्ठीला, सप्त्याच्या जागराला, आषाढीच्या वाटेवर अजून भारुडे होतात. त्यांतले गाणारे बहुतेक वयाने थकलेले आहेत, आणि त्यांचे निरूपण कोणत्याही पुस्तकात नाही. आपण सध्या त्यांचे जे मुद्रण करतो ते त्यांनी उडी मारली की सुरू होते आणि हशा पिकला की बंद होते. म्हणजे तबकडीने नाइलाजाने केलेली काटछाट आपण वेळ मुबलक असताना हौसेने करतो.

म्हणून व्याख्यानमालेच्या चालकांना माझी विनंती आहे की पुढील वर्षीच्या खर्चातून हारतुऱ्यांची रक्कम वजा करून ती या कामासाठी लावावी; तालुक्यातील प्रत्येक भारुडकऱ्याचे एक तरी भारूड पहिल्या टाळापासून शेवटच्या जयघोषापर्यंत, मधल्या बोलण्यासह आणि श्रोत्यांच्या उत्तरांसह, सलग मुद्रित करावे; त्याबरोबर गावाचे नाव, तिथी, साथीदारांची नावे आणि गाणाऱ्याची लेखी संमती नोंदवावी; आणि त्याची एक प्रत गावच्या ग्रंथालयात, एक प्रत गाणाऱ्याच्या घरी ठेवावी. श्रोत्यांपैकी ज्यांना आपल्या गावचा भारुडकरी ठाऊक असेल त्यांनी सभा संपताच व्यासपीठाजवळच्या वहीत त्याचे नाव लिहून द्यावे.